फैजपूर : अधिवेशनाच्या अलीकडचं आणि पलीकडचं गाव

केळीपट्टा (धागाकर्ता)

खानदेशावरच्या एका चर्चेत मध्यंतरी जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरचं नाव निघालं. लगेच १९३६ चं काँग्रेस अधिवेशन आलं, दोन-चार जणांनी नेहरूंचं नाव घेतलं आणि विषय तिथेच मिटला. म्हणून हा वेगळा धागा.

अधिवेशनाची मोटामोटी माहिती सगळ्यांना आहे. २७ आणि २८ डिसेंबर १९३६, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन आणि खेड्यात भरलेलं पहिलंच. मला पडलेला प्रश्न निराळा आहे: हेच गाव का? गांधीजींना खेडं हवं होतं हे कबूल, पण महाराष्ट्रात खेड्यांना काय तोटा होता? हजारो माणसं काही दिवस राहणार, त्यांना पाणी, धान्य, दूध, सरपण, बांबू, बैलगाड्या, स्वयंसेवक हे सगळं लागणार. हे पेलणारं गाव पाहिजे. माझं म्हणणं असं, की अधिवेशनामुळे फैजपूर मोठं झालं नाही. ते आधीच त्या ताकदीचं होतं, म्हणून अधिवेशन पेललं.

ती ताकद कुठून आली हे समजायला नकाशा उघडा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पश्चिमेकडे वाहणारी तापी, आणि मधे जेमतेम वीसेक किलोमीटर रुंदीची सपाट पट्टी. या पट्टीत चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर आणि पुढे बऱ्हाणपूर अशी गावं एका ओळीत बसली आहेत. एकही डोंगरात नाही आणि एकही तापीच्या काठावर नाही (बऱ्हाणपूर सोडून). कारण जमिनीखाली आहे. डोंगर संपतो तिथे दगडगोटे, वाळू, मुरूम यांचा थर आहे. भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. सातपुड्यातून उतरणाऱ्या सुकी, मोर यांसारख्या नद्यांचं पाणी या थरात जिरतं. त्याच्या दक्षिणेला तापीने आणून टाकलेला गाळ, कित्येक ठिकाणी शेकडो फूट खोल. वर काळीभोर जमीन आणि खाली पाणी. तापीचं पात्र मात्र खोल, कडे उंच. जुन्या काळी ते पाणी वर शेतात चढवायला साधन नव्हतं. म्हणून काठापेक्षा मधल्या पट्टीतली विहीर भारी पडली. फैजपूर बरोबर त्या मधल्या पट्टीत आहे.

माहीतगारांनी भर घालावी. वाद घातला तर अजूनच बरं.

भुसावळ_जंक्शन

जमीन-पाणी ठीक आहे हो, पण रेल्वे विसरलात. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या लाइनवर सावदा स्टेशन आहे. फैजपूरला स्वतःचं स्टेशन नाही, पण सावदा जवळ आणि भुसावळ तापी ओलांडली की आलंच. मुंबईकडून, नागपूरकडून, दिल्लीकडून, कुठूनही येणाऱ्या माणसाला भुसावळ सोयीचं. अख्ख्या देशातून प्रतिनिधी बोलवायचे आणि गाव खेडंही असायला हवं, तर जंक्शनच्या पलीकडचं खेडं निवडणार ना? तुमच्या त्या मधल्या पट्टीतलंच दुसरं टोक घ्या, चोपडा. जमीन तितकीच चांगली. पण तिथे अधिवेशन भरवायचं तर लोकांना आणायचं कसं?

आणि रेल्वेचा उपकार एवढ्यावर संपत नाही. पुढे सावदा, निंभोरा, रावेर इथून केळीच्या वाघिणी (मालगाडीचे डबे) भरभरून दिल्लीला जायच्या. केळी इथे पिकली ती जमिनीमुळे, पण विकली गेली ती रुळांमुळे.

खिरोदेकर

केळीपट्टा आणि जंक्शन, दोघांचंही बरोबर आहे, तरी मुद्दा सुटतोय. स्टेशन आणि विहीर मिळून अधिवेशन भरवत नाहीत, माणसं भरवतात. धनाजी नाना चौधरी यांचं नाव अजून धाग्यात आलं नाही याचं आश्चर्य वाटतं. पोलिसातली फौजदारी सोडून चळवळीत आलेला माणूस. या भागातल्या शेतकऱ्यांत त्यांचा शब्द चालायचा. त्यांच्या नावाचं कॉलेज १९६१ पासून फैजपुरात आहे, त्यात शिकलेले या संस्थळावरही सापडतील. त्यांचे चिरंजीव मधुकरराव पुढे राज्याचे शिक्षणमंत्री आणि १९९० ते ९५ विधानसभेचे अध्यक्ष होते.

दुसरं नाव साने गुरुजींचं. १९२४ ते ३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक, मग नोकरी सोडून चळवळ आणि तुरुंग. फैजपूरच्या वेळी ते खानदेशात गावोगाव पायी फिरले, पैसा आणि माणसं गोळा केली. स्वागताध्यक्ष शंकरराव देव होते. नगराला नाव दिलं टिळकनगर. मुंबईत जिथे १८८५ ला पहिलं अधिवेशन झालं तिथून ज्योत पेटवून धावत धावत फैजपूरला आणली होती. वाटेतल्या गावांनी ती पुढे पुढे नेली. आज हा प्रकार सर्रास दिसतो, तेव्हा नवीन होता.

मंडप पाहणाऱ्यांनी आयुष्यभर लक्षात ठेवला, कारण तो नंदलाल बोस यांच्या कल्पनेतला. शांतिनिकेतनातून आलेल्या कलावंताने बांबू, तट्ट्या, गवत असं इथलंच सामान वापरलं, इथल्याच कारागिरांना हाताशी धरलं. पुढे १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात त्यांनी काढलेल्या फलकांचं जास्त कौतुक होतं, पण अधिवेशनाची जागा गावातल्या सामानातून उभी करायची, हा धडा आधी फैजपूरला गिरवला गेला.

केळीपट्टा

खिरोदेकर, उत्तम. माणसांचा मुद्दा मान्यच. पण धनाजी नानांचा शब्द ज्यांच्यात चालायचा ते शेतकरी कोण होते? विहीर बागायतवाले, चार पैसे गाठीला असलेले, बैलजोड्या असलेले. दोन-दोन आठवडे बैलगाडी आणि गडी फुकट द्यायला कोरडवाहू शेतकऱ्याची इच्छा असली तरी ऐपत नसते. म्हणजे फिरून पुन्हा पाण्यापाशीच आलो.

खिरोदेकर

ऐपतीवर सगळं तोलू नका. त्याच वेळी फैजपुरात किसान सभेचंही अधिवेशन झालं, प्रा. एन. जी. रंगा अध्यक्ष होते. त्यासाठी मनमाडहून पाचशेच्या वर शेतकरी पायी चालत आले. त्यांत बागायतदार कितीसे असणार! काँग्रेसनेही फैजपूरला शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला: खंड (कुळाने जमीनमालकाला द्यायचं भाडं) आणि शेतसारा कमी करणं, तोट्यातल्या लहान जमिनींना माफी, कर्जाचा दिलासा, शेतमजुराला पुरेशी मजुरी, सहकारी शेती. पुढच्या कित्येक वर्षांच्या जमीनविषयक कायद्यांचं बीज त्यात आहे. तुरुंगातून महिन्याभरापूर्वीच सुटलेले मानवेंद्रनाथ रॉय पण आले होते. म्हणजे वातावरण नुसतं टोपी-खादीचं नव्हतं.

भालोदचा_भो

भो, तुम्ही भूगर्भ काढून बसले, आणि भरताचं वांगं कोणी काढलंच नाही. भालोद, बामणोद या फैजपूरच्या शेजारच्या गावांचं पांढुरकं हिरवं, लांबट, मोठं वांगं. थंडी पडली की वावरात काड्यांच्या जाळावर भाजायचं, बडगीत हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर ठेचायचं, वरून कांद्याची पात आणि कडकडीत तेल. संगं कळण्याची भाकरी नाहीतर पुऱ्या. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन भेटेल आहे, केयीला (केळीला) पण भेटेल आहे. अधिवेशनाला लोकं डिसेंबरात आले होते म्हणे. मग भरीत खाल्ल्याशिवाय गेलेच नसतील, माही पैज!

रंगारी_गल्ली

वाचत होतो, आता राहवत नाही. शेती, शेती आणि शेती. फैजपूरला केळीच्या आधी ओळख होती ती कापडाची. इंग्रजी अमलातल्या, १८८० च्या सुमाराच्या नोंदींत फैजपूरचं छापील कापड आणि गडद निळा व लाल रंग यांची ख्याती आहे. रंगाऱ्यांची शेकड्यांनी घरं होती. नीळ आणि आल या दोन वनस्पतींवर तो धंदा चालायचा: निळ्याला नीळ, लालाला आलीचं मूळ. शेजारच्या यावलला नीळ आणि जाडाभरडा हातकागद, आणि फैजपूरला सातपुड्यातून उतरणाऱ्या लाकडाचा मोठा बाजार.

मग आधी कृत्रिम लाल रंग आला आणि १८९७ पासून जर्मनीतली कृत्रिम नीळ. गिरण्यांचं कापड तर आधीच आलं होतं. धंदा बसला. केळीपट्टा यांचा पाण्याचा मुद्दा मला खोडायचा नाही, उलट पुढे न्यायचा आहे. रंगकामाला वाहतं, स्वच्छ, भरपूर पाणी लागतं, आणि नीळ पेरायला चांगली जमीन. पण त्या पाण्यावर शेतकऱ्याइतकाच कारागीरही जगला, हे सांगायचं राहून जातं. सुपीक पट्टा म्हटलं की लोकांना फक्त नांगर दिसतो.

बऱ्हाणपूर जवळ असल्याचाही हा परिणाम. फारुकी सुलतानांची ती राजधानी, १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतल्यावर मोगलांचं दख्खनचं मोठं ठाणं, आणि कापडाची मोठी पेठ. बऱ्हाणपुराहून गुजरातेकडे जाणारा रस्ता या गावांतूनच जातो. आजचा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता साधारण तोच. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना भुसावळपेक्षा बऱ्हाणपूर जवळचं वाटायचं.

भुसावळ_जंक्शन

हा प्रतिसाद वाचून माझी रेल्वे मी जरा मागे घेतो. कापडाचा मुद्दा ठाऊक नव्हता.

मृदुला_पुणे

वाचनखूण साठवली. सासर सावद्याचं, पण एवढं कोणी सांगितलं नव्हतं.

पायथ्याचा

सगळ्यांचं वाचून झालं. आता एक विचारतो, रागाने नाही. लाकडाचा बाजार म्हणालात. ते लाकूड तोडून, बैलांवर लादून खाली आणणारे कोण? केळीच्या बागेत निंदणी, कापणी, घड वाहणारे कोण? अख्ख्या धाग्यात अजून आमचं नाव नाही.

यावल-रावेरच्या पायथ्याला तडवी भिल्लांची वस्ती शतकानुशतकं आहे. धर्माने मुसलमान, जमातीने भिल्ल, सरकारी यादीत अनुसूचित जमात. बाहेरच्या माणसाला हे एकत्र कसं बसतं ते कळत नाही. आम्हाला त्यात अडचण कधी वाटली नाही. वर डोंगरात पावरा आणि बारेला. तापीच्या काठाने कोळी. गावात लेवा पाटील आणि गुजर शेतकरी, त्यांच्याबरोबर माळी, मोमीन, मण्यार, रंगारी, भोई, बौद्ध वस्ती. ही सगळी माणसं धरली तरच फैजपूर पुरं होतं.

इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने जंगल राखीव करायला घेतलं आणि वरचे लोक एका रात्रीत स्वतःच्याच रानात चोर ठरले. १९६९ मध्ये यावल अभयारण्य झालं. जंगल राहिलं पाहिजे हे आम्हालाही कळतं, खालच्या विहिरींचं पाणी वरच्या झाडांवर आहे हे तर आम्हालाच आधी कळतं. पण पाण्याचा हिशेब मांडताना झाड राखणाऱ्याचा हिस्सा कुठे धरलाय?

केळीपट्टा

पायथ्याचा, या प्रतिसादाशिवाय धागा अर्धाच राहिला असता. वरच्या उताराला जंगल विरळ झालं की पावसाचं पाणी बझाड्यात न मुरता सरळ तापीला जातं, हे साधं आहे. आणि तिथे राहणाऱ्यांना बाजूला ठेवून ते राखता येत नाही.

नवती

मी मूळ यावल तालुक्यातला, केळीचं बघतो. नाव बघून ओळखलं असेलच. बाहेरच्यांसाठी सांगतो: पहिल्या लागणीच्या केळीला नवती, त्याच बुडाच्या पिलावर धरलेल्याला पिलबाग, पावसाळ्यानंतर लावलेल्याला कांदेबाग, आणि जी निर्यातीला किंवा चांगल्या बाजाराला चालत नाही ती वापसी. चारींचे भाव वेगळे.

जुने लोक बसराई लावायचे, मग श्रीमंती आली, महालक्ष्मी आली. नव्वदच्या दशकानंतर उतिसंवर्धित (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं, ग्रँड नैन ही जात आणि ठिबक आल्यावर सगळं पालटलं. पूर्वी कंद लावला तर पीक हाताशी यायला दीड वर्ष लागायचं, आता वर्षाच्या आत-बाहेर घड कापतो. उत्पन्न वाढलं हे खरं. पण धोकेही मोजा. इथला उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो, गरम वाऱ्याने पानं फाटतात, म्हणून बांधाला शेवरी किंवा गजराज गवत लावतो. हिवाळ्यात पारा १० च्या खाली आला की घड बाहेर पडताना अडकतो, साल काळवंडते. मे-जूनच्या वादळात एका तासात बाग आडवी होते. त्यात हरण्या रोग, म्हणजे सीएमव्ही हा विषाणू. तो लागला की रोप उपटून फेकण्यापलीकडे काही करता येत नाही. केळीला खानदेशचं हवामान मुळात मानवत नाही. इथे ती टिकली आहे ती निव्वळ पाण्याच्या जोरावर.

एक_शंका

मग प्रश्न हाच, ते पाणी किती दिवस? यावल आणि रावेर दोन्ही तालुके भूजल खात्याच्या अतिशोषित यादीत आहेत. विहिरी आटल्या, मग बोअर आले, बोअर खोल खोल गेले. केळीपट्टा यांनी जी ताकद म्हणून सांगितली ती एकेकाळची शिल्लक आहे, आज आपण मुद्दल खातोय. हतनूर धरण तापीवर आहे, पण गाळाने भरत चाललंय, आणि फैजपूरच्या उत्तरेच्या शेतांना त्याचा काय उपयोग?

सहकाराचंही तेच. फैजपूरचा मधुकर साखर कारखाना हा या भागाचा अभिमान होता, अखेर अडचणीत येऊन विकला गेला. अधिवेशनाच्या गोष्टी कितीही सांगा, १९३६ ला ठराव झालेली सहकारी शेती आज कुठे आहे?

नवती

शंका रास्त आहे. पण केळी बंद करा असं म्हणणाऱ्याला विचारतो, मग लावू काय? कपाशीचं काय झालं ते खानदेश बघतोच आहे. करण्यासारखं आहे ते पुनर्भरण. बझाडा पट्टा म्हणजे निसर्गाने दिलेला पाझर. पुराचं वाहून जाणारं पाणी तिथे वळवून जिरवायचं, एवढीच तापी मेगा रिचार्जची कल्पना. कित्येक वर्षं कागदावर होती. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचा करार झाला. काम कधी दिसतं ते बघू. तोवर नाल्यात बांध घालणं, बंद विहिरीत गाळून पाणी सोडणं, हे ज्याने त्याने करावं. आमच्या शिवारात काहींनी केलंय आणि फरक पडतो.

खिरोदेकर

सहकारी शेती झाली नाही हे खरं. पण केळीच्या फ्रूटसेल सोसायट्या झाल्या. वाघिणी मिळवणं, माल एकत्र पाठवणं, दिल्लीच्या दलालाशी एकट्याने न भिडणं हे या पट्ट्यातल्या शेतकऱ्याने फार आधी केलं. ठरावाचा परिणाम नेहमी ठरावातल्या कलमासारखाच दिसेल असं नाही.

झेंडेवाला

त्या अधिवेशनात ध्वज चढवताना अर्ध्यावर अडकला आणि शिरपूरचा एक तरुण सरसर खांबावर चढून तो सोडवून आला, असं आमच्याकडे सांगतात. खांब ऐंशी फुटी होता म्हणे. त्या तरुणाचं पुढे कौतुक कोणी केलं आणि कोणी करू दिलं नाही, यावर दोन विचारांच्या लोकांत अजून भांडणं होतात. इथे नकोत, नाहीतर धागा वाचनमात्र होईल.

मृदुला_पुणे

भांडण नकोच. दिवाळीनंतर सासरी येतोय, मुलांना घेऊन. फैजपूर परिसरात दाखवण्यासारखं काय? मुलं शहरात वाढलेली, "केळीच्या बागा" म्हटलं की तोंड वाकडं करतात.

केळीपट्टा

ताई, फैजपुरात खंडोबाचं देऊळ आहे, आणि सतपंथाचं मंदिर आहे. सतपंथाचं मूळ गुजरातेत अहमदाबादजवळच्या पिराण्याला, तिथल्या इमामशाहांच्या परंपरेत. लेवा समाजातली बरीच घरं त्या पंथाची आहेत. सावद्याला स्वामिनारायण मंदिर आहे, ते तुम्हाला माहीत असेलच. यावलला निंबाळकरांचा भुईकोट पडक्या अवस्थेत आहे, पण बुरूज बघण्याजोगे. पायथ्याला मनुदेवी, पावसाळ्यात तिथे धबधबा असतो, दिवाळीनंतर धार बारीक होते. रावेरकडून वर पालला जा, डोंगर आणि जंगल दोन्ही बघून होईल. सुकीचं धरण वाटेतच. एक अख्खा दिवस काढून बऱ्हाणपूर आणि असीरगड करा. आणि मुक्ताईनगरच्या बाजूला चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम.

भालोदचा_भो

आणि हे काहीच जमलं नाही तर ताई, लग्नसराई पाहून या. पंगतीत वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, गंगाफळाची भाजी. वाढपी बट्टी वाढताना "नको" ऐकत नाही, हे पोरांना आधीच सांगून ठेवा.

पायथ्याचा

पालला जाणार असाल तर बुधवार-शनिवार न बघता आमच्याकडच्या कुठल्यातरी आठवडी बाजाराचा दिवस विचारून या. पावरा बायका डोंगरातला माल घेऊन उतरतात. मुलांना केळीपेक्षा ते आवडेल. गाडी मात्र मोर नदीच्या पुलाजवळ, आमोद्याकडे हळू चालवा. तिथे अपघात फार होतात.

रंगारी_गल्ली

मृदुलाताई, आलात की कळवा. जुने छापे कोणाच्या माळ्यावर पडलेत का ते मी तोवर गल्लीत विचारून ठेवतो. सापडले तर फोटो याच धाग्यावर टाकेन.